छत्तीस नंबरची रांग

तिसऱ्या फेरीलाही तो माणूस उतरला नाही, तेव्हा कॅप्टनची खात्री पटली, ह्याची गाडी हरवली आहे आणि विचारायची लाज वाटते आहे.

ती विमानतळाच्या लांब मुदतीच्या पार्किंगची बस चालवायची. टर्मिनलपासून चार किलोमीटरवर, धावपट्टीच्या कुंपणाला लागून ते मोकळं मैदान होतं. साठ रांगा, सात-आठ हजार गाड्या. लोक गाडी ठेवून पंधरवडा, महिना, कधी दोन-दोन महिने परदेशी जात. जाताना सगळे घाईत, येताना सगळे झोपेत. त्यांना टर्मिनलला सोडायचं, टर्मिनलवरून आणायचं, रांगेरांगेशी उतरवायचं. आठ वर्षं ती हेच करत होती. सहकाऱ्यांनी तिचं नाव कॅप्टन ठेवलं, कारण विमानतळावर असूनही ही कॅप्टन कधी जमीन सोडत नाही. पहिल्या वर्षी ती ह्या विनोदावर हसली. मग ते नावच पडलं.

"पुढचा थांबा शेवटचा," ती आरशात बघत म्हणाली. "मघाशीही होता. त्याच्या आधीही होता."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. पस्तिशी ओलांडलेला, उंच, मांडीवर एक छोटी बॅग. "मला वाटलं, दिसली की ओळखेन."

"कशी आहे?"

"राखाडी."

"इथल्या निम्म्या गाड्या राखाडी आहेत. उरलेल्या धुतल्या नाहीत म्हणून राखाडी आहेत. ठेवताना समोर काय दिसत होतं?"

"काही बघितलंच नाही हो... मुलगी फोनवर होती. तिचा दात पडला होता. कुठं पडला, कसा पडला, आता जीभ सारखी तिथं कशी जाते... ते ऐकत उतरलो, बॅग काढली आणि बसमध्ये बसलो."

गाडी हरवलेली माणसं तिनं खूप पाहिली होती. बहुतेक जण चिडायचे, तिच्यावर, पाट्यांवर, बायकोवर. हा कुणावरच चिडला नव्हता. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तिनं बस कडेला घेतली, नियमात बसत नसताना इंजिन बंद केलं आणि दोन्ही दारं उघडली.

"चावी वर धरा आणि दाबा."

बाहेर पावसाची बारीक भुरभुर होती. टपावर तिचा आवाज येत होता. तो पायरीवर उभा राहिला, हात उंच करून, वर्गात परवानगी मागावी तसा. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत दोघं थांबले, आणि का कोण जाणे, दोघांनाही हसू आलं. मग त्यानं चावी दाबली. लांबून, खूप लांबून, दोनदा बारीक आवाज आला.

"छत्तीस," ती म्हणाली.

"नुसतं ऐकून?"

"आठ वर्षं झाली. तुमच्यासारखे बरेच येतात."

हे खोटं होतं. त्याच्यासारखा कुणी आला नव्हता.

पुढच्या महिन्यात तो तळहातावर पेनानं '३६' लिहूनच बसमध्ये चढला आणि तिला हात दाखवला. मागच्या सगळ्या जागा सोडून तिच्या बरोबर पाठीमागच्या सीटवर बसला. समोर पाटी होती, चालकाशी बोलू नये. त्यानं ती मोठ्यानं वाचली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "मी काचेशी बोलतोय. तुम्ही ऐकू नका."

काचेला त्यानं सांगितलं ते असं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लग्न मोडलं त्याला तीन वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही, दोघांचं जमेना एवढंच. बायको नोकरीनिमित्त परदेशी गेली, मुलगी तिच्याजवळ. मुलीला तो भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी तो जातो, तिला तीन दिवस भेटतो आणि मंगळवारी सकाळी परत येतो.

"म्हणजे आपला धंदा एकच," कॅप्टन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुम्ही माणसं उभी नेता, मी आडवी नेते."

"ऐकत होतात तर."

"काच पातळ आहे."

असं ते सुरू झालं. आठ मिनिटं जाताना, आठ मिनिटं येताना, महिन्यातून दोनदा. एवढ्यात काय होणार, असं कुणीही म्हणेल. कॅप्टनही स्वतःला तेच म्हणायची. पण तिसरा शुक्रवार आला की ती केस दोनदा विंचरायची. आणि तो दिसला की थांब्यावर बस इतकी अलगद लावायची, की मागच्या म्हाताऱ्या बायका आशीर्वाद द्यायच्या.

"तुम्ही दर वेळी छत्तीसमध्येच का ठेवता?" तिनं एकदा विचारलं. "आज तर चौथ्या रांगेत जागा होती. पाय वाचले असते."

"छत्तीस आवडते."

"छत्तीसचा आकडा म्हणजे भांडण. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात."

त्यानं तळहातावर बोटानं आकडा काढून पाहिला. मग म्हणाला, "आपण तरी काय करतो? तुमची पाठ माझ्याकडे असते. पण मला नाही वाटत, आपलं भांडण आहे."

आरशात बघायचं तिनं टाळलं. पुढच्या वळणावर तिनं उगाचच हॉर्न वाजवला.

घरी तिचे वडील होते. आयुष्यभर लांब पल्ल्याच्या ट्रकवर चालक होते. अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आता चाकाच्या खुर्चीत बसून ते खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवायचे. लेक कामावर असली की शेजारच्या मावशी बघायच्या. घर पाचव्या मजल्यावर, आणि इमारतीची लिफ्ट पाच महिने बंद. तक्रारी करून कॅप्टनची बोटं दुखली होती. पाच महिने वडिलांनी पायाखाली जमीन पाहिली नव्हती.

हे तिनं त्याला सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पुढच्या रविवारी सकाळी दारावर टकटक झाली आणि दारात तो. हातात हत्यारांची पेटी, कपाळावर घाम.

"पाच मजले चढून आलो," तो धापा टाकत म्हणाला. "लिफ्टवाल्यासाठी ह्यासारखी शरम नाही."

"तुम्हाला पत्ता कुणी दिला?"

"बॅटरी बदलतात ना तुमच्या पार्किंगमध्ये, त्या काकांनी. मी म्हटलं, कॅप्टनकडे काम आहे. ते म्हणाले, एवढा वेळ का लावलात."

कॅप्टन ओट्याकडे वळली आणि नसलेलं काम करू लागली.

दुपारी एकपर्यंत तो लिफ्टच्या मशीनच्या खोलीत होता. खाली आला तेव्हा कोपरापर्यंत काळा झाला होता. बिघाड फारसा नव्हता. चौथ्या मजल्याच्या दाराची एक पट्टी झिजली होती, त्यामुळे दार बंद झालंय हे मशीनला कळतच नव्हतं. "नुसती तेवढी गोष्ट कळायला पाच महिने," तो म्हणाला. वडिलांची खुर्ची त्यानं स्वतः आत ढकलली. तिघं खाली उतरले. इमारतीसमोरच्या फूटपाथवर ऊन पडलं होतं. वडिलांनी चपला काढायला लावल्या आणि दोन्ही पावलं उन्हात तापलेल्या फरशीवर टेकवली. एका पावलाला ऊब कळत होती, दुसऱ्याला नव्हती. ते बराच वेळ तसेच बसून राहिले.

"काय रे," ते शेवटी त्याला म्हणाले, "माझी मुलगी गाडी कशी चालवते?"

"अंगावर चहा सांडत नाही."

"मग ठीक. माझ्याच हाताखाली शिकली." आणि मग, तिच्याकडे न बघता, "माणूस बरा दिसतोय."

"बाबा, तो इथंच उभा आहे."

"म्हणून तर मोठ्यानं बोललो."

निघताना कॅप्टन त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली. त्यानं बटण दाबलं, दार उघडलं, बंद झालं, त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा उघडलं. "तपासतोय," तो म्हणाला. पाचव्यांदा दार उघडलं तेव्हा तिनं त्याच्या गालावरचा काळा डाग पदरानं पुसला आणि म्हणाली, "झालं तपासून. जा आता." तो गेला. ती दारासमोर उभी राहून मजल्यांचे उतरते आकडे बघत राहिली, तळमजल्याचा दिवा लागेपर्यंत.

त्यानंतरचे चार महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. तिसरा शुक्रवार सोडूनही ते भेटू लागले. तो रविवारी यायचा, वडिलांशी पत्ते खेळायचा आणि हरायचा. एकदा त्यानं भिंगरीला फोनवर आणून कॅप्टनशी बोलायला लावलं. भिंगरीनं विचारलं, "तुझ्या बसमध्ये किती माणसं मावतात?" "उभी धरून चाळीस." "आणि मी?" "तू मांडीवर." तिकडे बराच वेळ विचार झाला. मग, "चालेल," असं उत्तर आलं. तो फोन ठेवून खिडकीपाशी गेला आणि उगाच बाहेर बघत राहिला.

मग एका शुक्रवारी तो बसमध्ये चढला आणि बोललाच नाही. काचेशीही नाही. तिनं आरशात पाहिलं. चेहरा असा, की जणू रात्रभर कुणीतरी त्याला हलवून जागं ठेवलंय. टर्मिनलला सगळे उतरले. तो बसूनच राहिला.

"भिंगरीच्या आईच्या मणक्यात गाठ निघाली," तो म्हणाला. "ऑपरेशन झालं. कमरेखाली काही कळत नाही तिला. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण वर्ष लागेल. तिथं तिचं कुणी नाही. भिंगरी सात वर्षांची... काल ती आईला भात भरवत होती. फोनवर दाखवत होती मला, बघ बाबा, मला येतं."

कॅप्टननं हँडब्रेक ओढला. मागे दुसरी बस येऊन थांबली होती.

"मला जावं लागेल. तीन दिवसांसाठी नाही."

"हो."

"वर्षभर. मी तुला... तुम्हाला थांबा म्हणत नाही. तसा हक्क नाही मला. पण वर्षानं मी येणार आहे."

तिच्या मनात काय काय आलं, ते सगळं सांगण्यात अर्थ नाही. मी येऊ का, असं एकदा ओठांवर आलं होतं. पण घरी खुर्चीत एक माणूस होता, ज्याला कूस बदलायलाही ती लागायची. आणि तिकडे अंथरुणात एक बाई होती, जिनं तिचं काहीही वाईट केलं नव्हतं. मागच्या बसनं हॉर्न दिला.

"कधी?"

"आत्ता बघून मंगळवारी येतो, सामान घेऊन पुढच्या बुधवारी पुन्हा. गाडी विकून टाकतो."

"कशाला? वर्षाचाच प्रश्न आहे ना? छत्तीसमध्ये राहू द्या. मी रविवारी सुरू करत जाईन, बॅटरी उतरणार नाही." ती हे इतक्या घाईनं म्हणाली, की तिचं तिलाच कळलं, ती कशाला धरून ठेवते आहे.

बुधवारी तिनंच त्याला टर्मिनलला नेलं. दोन मोठ्या बॅगा, एक खेळण्यांची पिशवी. सकाळची वेळ, बस भरलेली, त्यामुळे बोलता आलं नाही. तो पाठीमागच्याच सीटवर होता. थांब्यावर सगळी माणसं उतरेपर्यंत तो थांबला, मग पुढे आला आणि गाडीची चावी तिच्या हातावर ठेवली. हात मात्र लगेच काढला नाही.

"मला हे फार आधी म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "माझा जीव आहे तुझ्यावर."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझाही आहे. जा. भिंगरी वाट बघत असेल तुझी." त्याला तिनं 'तू' म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा. तो बॅगा ओढत सरकत्या दारातून आत गेला. ती पुढच्या थांब्यावरच्या माणसांना घ्यायला निघाली. वेळापत्रक कुणासाठी थांबत नाही.

रविवारी तिची ड्यूटी दुपारी दोनला संपायची. मग ती चालत छत्तीस नंबरच्या रांगेत जायची, गाडी उघडायची, इंजिन सुरू करायची आणि पंधरा मिनिटं आत बसायची. तिथूनच त्याला फोन करायची. आत त्याच्या कपड्यांचा वास होता, पहिले दोन-तीन महिने तरी. तो सांगायचा: आज ती बसली. आज पायाचा अंगठा हलला. भिंगरीला शाळेत बक्षीस मिळालं. मी पोळ्या करायला शिकलो, नकाशे होतात. कॅप्टन हसायची. ती सांगायची: बाबा पत्त्यात आता मावशींना हरवतात. लिफ्ट चालू आहे. काल गाडीच्या टपावर पक्ष्यांनी घाण केली, धुवून काढली.

सहाव्या-सातव्या महिन्यात त्याच्या बोलण्यात एक शब्द आला. आधी तो 'मी' म्हणायचा, 'ती' म्हणायचा, 'भिंगरी' म्हणायचा. आता 'आम्ही' म्हणू लागला. आम्ही भिंगरीला पोहायला घातलं. आम्ही काल बागेत गेलो, ती काठी घेऊन शंभर पावलं चालली. त्याला स्वतःला ते कळत नव्हतं. कॅप्टनला पहिल्याच दिवशी कळलं. तिनं त्याला टोकलं नाही. चालणारं माणूस आधाराला हात धरतं, आणि धरलेला हात रोज धरला की सवयीचा होतो. ह्यात चूक कुणाची काढायची?

अकराव्या महिन्यात एका रविवारी तो फोनवर गप्प झाला. इंजिन चालू होतं. समोरच्या काचेवर धुळीचे ठिपके होते, ती बोटानं आतून ते मोजत होती.

"बोल," ती म्हणाली.

"भिंगरी विचारते... बाबा, तू परत गेलास की आई पुन्हा पडेल का?"

"आणि भिंगरीची आई काय म्हणते?"

"ती काही म्हणत नाही. पण काल तिनं माझ्यासाठी कपाटातला एक कप्पा रिकामा केला. वर्षभर माझे कपडे बॅगेतच होते." मग एका दमात तो म्हणाला, "मी तुला शब्द दिलाय. तू सांगशील तसं करेन. तू ये म्हणालीस तर पुढच्या आठवड्यात येतो."

ते खरं होतं. तो आला असता. एका शब्दावर आला असता आणि जन्मभर एका कानानं तिकडचा फोन ऐकत राहिला असता. कॅप्टननं डोळे मिटले. एक विमान गेलं. ह्या खेपेस ते जाईपर्यंत तिनं वाट पाहिली ती हिंमत गोळा करायला.

"राहा," ती म्हणाली. "कपडे कप्प्यात ठेव."

तिकडे तो रडत होता. ती रडली नाही. तिला वाटलं, आपण रडलो तर हा येईल.

महिन्याभरानं त्याची मोठी बहीण गाडी न्यायला आली. पन्नाशीची, ठणठणीत बाई, शाळेत मुख्याध्यापिका होती. कॅप्टननं तिला बसमधून छत्तीसपर्यंत नेलं आणि चावी दिली. गाडी लगेच सुरू झाली. बहिणीनं इंजिन पुन्हा बंद केलं आणि खाली उतरली.

"तुमच्या वडिलांची तब्येत कशी आहे?"

"ठीक आहे. तुम्हाला... माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? त्यानं मला तीन घरं बघायला लावली होती. तो जायच्या आधी, हे आजारपण कळायच्याही आधी. तळमजल्यावरचंच हवं म्हणाला. मी म्हटलं, अरे तू लिफ्टवाला ना? तर म्हणतो, ताई, लिफ्टचा भरवसा मला विचार." ती हसायला गेली, जमलं नाही. "टेप घेऊन फिरले मी. दार खुर्चीपेक्षा चार बोटं जास्त रुंद हवं म्हणून हट्ट. एक घर पसंतही केलं होतं त्यानं. तुम्हाला दाखवणार होता तो."

"मला बोलला नाही."

"आधी घर पक्कं करतो, मग विचारतो म्हणाला. माझा भाऊ तसाच आहे. सगळं तपासत बसतो." तिनं कॅप्टनचा हात हातात घेतला. "तुम्ही त्याला अडवलं नाहीत. मी तुमच्या जागी असते तर अडवलं असतं. खरंच सांगते."

गाडी रांगेतून बाहेर पडली, वळली आणि फाटकाकडे निघून गेली. जिथं ती वर्षभर उभी होती, तिथं जमिनीचा एक स्वच्छ चौकोन राहिला होता. कॅप्टन परत बसमध्ये चढली. थांब्यावर एक कुटुंब बॅगा घेऊन उभं होतं. त्यांना उशीर होत होता.

संध्याकाळी वडिलांना जेवायला वाढताना तिनं हे सगळं सांगितलं. अगदी सपाट आवाजात, दिवसभराच्या बातम्या सांगाव्या तशी. वडील घास हातात धरून ऐकत होते.

"चार बोटं जास्त कशाला?" त्यांनी विचारलं.

वडिलांनी मग आपल्या डाव्या कोपराकडे पाहिलं. खुर्ची दारातून नेताना रोज चौकटीला घासून तिथं कायमचा घट्टा पडला होता. त्या हाताला काही कळत नसल्यामुळे त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, आणि घाईत तिच्याही ते कधी लक्षात आलं नव्हतं.

"पत्ते खेळताना बघितलं असेल त्यानं," वडील म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि हातातलं पातेलं खाली ठेवून, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, ती त्यांच्या खुर्चीशी खाली बसून रडली. वडिलांनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला. 'उगी उगी' म्हणाले नाहीत. तिचं रडून होईपर्यंत तसेच बसून राहिले. जेवण गार झालं.